मायेला पदवी कशाला?

बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीने परिचारिका व्हायचे ठरविले, तर त्यासाठी काही वर्षे शिकावे लागते हे घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तिने औषधनिर्माणशास्त्राची वाट धरली तरी तेच. पण तीच मुलगी म्हणाली, की मला बालवाडीची शिक्षिका व्हायचे आहे आणि त्यासाठी मी पदवीचा अभ्यासक्रम घेणार आहे, तर घरातील वडीलधारी माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. ‘पोरं सांभाळायला एवढं शिकायचं?’ असे मग कुणीतरी विचारतेच.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो विचारणाऱ्यांच्या मनात मुलीविषयी आकस नसतो. असते ती पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. लहान मूल वाढविणे हे स्त्रीला उपजतच येते, ती विद्या नव्हे, ती माया आहे. आणि माया विद्यापीठात शिकविली जात नाही, अशी ही समजूत आहे. तिच्या जोडीला एक व्यवहारी हिशेबही असतो. चार वर्षे शिकून हाती पडणारे वेतन जर दुकानातील मदतनिसाच्या वेतनाइतकेही नसेल, तर हा खटाटोप कशासाठी? समजूत आणि हिशेब या दोहोंत तथ्य आहे. म्हणूनच त्यांना उत्तर देण्यापूर्वी ती नीट ऐकून घेतली पाहिजेत, असे आम्हांला वाटते.

प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला शालेय शिक्षणाचा ‘पायाभूत स्तर’ म्हटले आणि इतके दिवस शाळेच्या उंबरठ्याबाहेर उभे असलेले बालशिक्षण शाळेच्या आत आणले. २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी असावी, असेही त्या धोरणात म्हटले आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून देशातील ५७ संस्थांत हा अभ्यासक्रम प्रायोगिक रीतीने सुरू झाला. तीत ज्या स्तरावर शिकवावयाचे त्या स्तराची तयारी करून घेतली जाते आणि त्या स्तरांत पायाभूत स्तरही आहे. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठासारख्या ठिकाणी गृहविज्ञानाच्या अंगाने बालविकासाचा अभ्यास त्याआधीपासूनच होत आला आहे. म्हणजे कालपर्यंत जी एखाद्या मुलीची आगळी आवड होती, ती उद्या नियमाची अट होऊ पाहते आहे. अट घालण्यापूर्वी ती न्याय्य आहे काय, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

पदवीच्या विरोधातील बाजू प्रथम मांडू. ती दुबळी नाही. मारिया माँटेसरी या स्वतः वैद्य होत्या. १८९६ साली त्यांनी रोममध्ये वैद्यकीची पदवी मिळविली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांपाशी दिवसभर बसणारी जी तरुणी त्यांनी नेमली तिला अध्यापनाचे कोणतेही शिक्षण नव्हते. ती शिक्षिकेच्या ठरीव सवयींपासून मुक्त होती, हे माँटेसरीबाईंना सोयीचेच वाटले. आपल्याकडे गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० साली भावनगरला त्यांनी बालमंदिर काढले. आणि आपल्या घरांतून काय दिसते? ज्या आजीने अंगणातल्या चिंचोक्यांवर नातवंडांना मोजायला शिकविले, बडबडगीतांनी त्यांची जीभ वळविली आणि रडणारे मूल कडेवर घेऊन विहिरीवरचा रहाट दाखवीत शांत केले, तिला कोणत्या विद्यापीठाने प्रमाणपत्र दिले होते?

हे सारे खरे आहे. परंतु यापैकी प्रत्येक उदाहरण थोडे पुढे वाचले, तर ते वेगळेच काही सांगू लागते. सान लोरेंझोची ती तरुणी एकटी नव्हती. तिच्यामागे मुलाच्या प्रत्येक हालचालीकडे वैद्याच्या डोळ्यांनी पाहणारी एक अभ्यासक उभी होती. आणि बालगृह सुरू झाल्यावर अवघ्या दोन वर्षांनी, १९०९ साली, माँटेसरीबाईंनी शिक्षकांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग घेतला. पुढे १९३९ साली त्या भारतात आल्या त्याही अड्यार येथे शिक्षकांना शिकविण्यासाठीच. गिजुभाईंनी बालमंदिर काढले आणि काही वर्षांतच भावनगरला शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर उभे राहिले. ज्यांनी पदवीवाचून हे काम केले, त्यांनीच ते काम पदवीवाचून इतरांवर सोपवायचे नाही असे ठरविले. त्यांना काय आढळले असेल?

आमच्या मते त्यांना आढळले ते हे, की आईची माया आणि शिक्षिकेची माया या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आई आपल्या मुलावर प्रेम करते. तो काळा असो, गोरा असो, हट्टी असो, मुका असो. तो तिचा आहे, एवढे तिला पुरेसे असते. शिक्षिकेपुढे पंचवीस मुले बसतात आणि त्यांतले एकही तिचे नसते. अशा वेळी उपजत माया काय करते? ती निवड करते. जे मूल स्वच्छ कपड्यांत येते, गोड बोलते, विचारलेल्या प्रश्नाचे चटकन उत्तर देते, चारचौघांत नाचून दाखविते, त्याच्याकडे ती आपोआप वळते. ज्याचे नाक सतत वाहते, जे चावते, ज्याच्या अंगाला वास येतो, जे महिनोन्‌महिने एक अक्षर बोलत नाही, त्याच्याकडे ती वळत नाही. यात शिक्षिकेचा दुष्टपणा नाही. मनुष्यस्वभावच तसा आहे. पण त्या शेवटच्या मुलाला मात्र तीन वर्षांच्या वयातच कळते, की या खोलीत आपण कुणाचे नाही. त्याला ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून आपल्यालाही ते कळत नाही.

पदवीच्या बाजूचे खरे कारण येथे आहे. स्वाभाविक मायेला न्यायाची जोड द्यावी लागते, आणि न्याय हा शिकावा लागतो. चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनीला एक काम पुन्हा पुन्हा करावयास लावतात : एका मुलाकडे ठरावीक वेळ पाहत बसायचे आणि जे दिसले तेवढेच लिहायचे. ‘हट्टी आहे’ असे लिहायचे नाही. ‘ठोकळा दुसऱ्याने घेतल्यावर त्याने जमिनीवर पाय आपटले, मग दोन मिनिटे दाराकडे पाहत उभा राहिला’ असे लिहायचे. हे काम रटाळ असते, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला त्याचा अर्थही कळत नाही. पण यादीप्रमाणे प्रत्येक मुलाची पाळी येते. जे मूल तिला आवडत नाही त्याचीही येते. त्याच्याकडे तितकाच वेळ, तितक्याच बारकाईने पाहावे लागते. आणि ज्याच्याकडे खरोखर पाहिले त्याच्याविषयीची नावड बहुधा टिकत नाही. दाराकडे पाहणारे ते मूल कुणाची वाट पाहते आहे, असा प्रश्न मनात उभा राहिला की ‘हट्टी’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

आपल्या जिल्ह्यातच याचा एक मोठा दाखला आहे. वसईहून गाडीने उत्तरेकडे निघाले, की डहाणू तालुक्यात बोर्डी आणि कोसबाड लागतात. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि तरुण वयातच त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. गावात बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी ती मुख्यतः काढली ती दलित वस्तीतली मुले तिकडे येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा जन्मला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तो शब्द देशभर गेला. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे येथून या अंगणवाडीचा दिवस सुरू होई. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा कुरणातच शाळा भरविली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले.

ही नुसती माया होती काय? माया तर होतीच. पण माँटेसरी पद्धतीचे महाग साहित्य बाजूला ठेवून त्याच तत्त्वावर बिया, शंख-शिंपले, पाने, दगड यांचे साहित्य करायचे, तर मूळ साहित्यातील प्रत्येक वस्तू मुलाच्या कोणत्या शक्तीला चालना देते हे पक्के ठाऊक असावे लागते. ज्याला तत्त्व माहीत नाही तो वस्तूला चिकटून बसतो. ज्याला माहीत आहे तो चिंचोक्यावर काम भागवितो. आजीचा चिंचोका आणि ताराबाईंचा चिंचोका दिसायला एकच. आजीच्या चिंचोक्याने तिची नातवंडे शिकली. ताराबाईंच्या चिंचोक्याने कुणाचीही मुले शिकू शकतील, कारण तो का उपयोगी पडतो हे त्यांनी इतरांना शिकविले. आजीचे ज्ञान कमी दर्जाचे नव्हते. ते तिच्याबरोबर गेले, एवढेच.

अभ्यासाने नेमके काय हाती येते, हे आणखी एका साध्या गोष्टीवरून पाहता येईल. मूल जन्मते तेव्हा त्याच्या मनगटातील लहान हाडे अजून हाडे झालेली नसतात. ती कूर्चेची असतात. एकेक करीत ती पुढील अनेक वर्षांत घट्ट होतात. तिसऱ्या वर्षी त्यांतली थोडीच तयार असतात. ज्या हाताची ही अवस्था आहे त्या हातात पेन्सिल देऊन चौकटीत उभ्या रेघा काढावयास लावणे म्हणजे काय, हे ज्याने हे वाचले आहे त्याला सांगावे लागत नाही. त्या हाताने माती मळावी, मणी ओवावेत, कागद फाडावा, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे. लेखनाची तयारी ती आहे. तसेच, चार-पाच वर्षांच्या मुलासमोर पसरट भांड्यातले पाणी उंच पेल्यात ओतले, तर ते म्हणते, पाणी वाढले. जाँ पियाजे या स्विस अभ्यासकाने हे दाखवून दिले. त्या मुलाला ‘चूक’ म्हणून रागावणाऱ्या शिक्षिकेला मूल मंद वाटते; अभ्यास केलेल्या शिक्षिकेला कळते, की या वयात जग असेच दिसते आणि ते बदलण्याची घाई करून उपयोग नाही. आपल्याकडे घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल बालवाडीत येते आणि तोंड उघडताच ‘असं नाही बोलायचं’ हे वाक्य त्याच्या कानी पडते. मग ते तोंड मिटते ते पुष्कळ दिवस उघडत नाही. मुलाची घरची बोली ही दुरुस्त करायची चूक नव्हे, तर जिच्यावर पुढच्या भाषा उभ्या राहतील ती जमीन आहे, हे कळायलाही अभ्यासच लागतो. कारण शिक्षिका स्वतः त्याच ‘असं नाही बोलायचं’मधून वाढलेली असते.

येथवर वाचून कुणाला वाटेल, की आम्ही पदवीचा पुरस्कार करून मोकळे झालो. तसे नाही. खरी नैतिक अडचण येथून पुढे आहे.

ज्ञान मनुष्याला बांधून घालते. ज्या शिक्षिकेला मनगटातील हाडांची गोष्ट माहीत नाही, ती तीन वर्षांच्या मुलाकडून पानभर रेघा काढून घेते तेव्हा तिला दोष देता येत नाही. पण पदवी घेतलेली तरुणी एखाद्या शाळेत रुजू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात तिला सांगण्यात आले, की दिवाळीपर्यंत मुलांना वर्णमाला लिहिता आली पाहिजे, पालक तक्रार करतात, शेजारच्या शाळेतली मुले लिहू लागली. तर तिने काय करावे? नाही म्हणावे, तर नोकरी जाईल. हो म्हणावे, तर जे चुकीचे आहे असे तिला निश्चित माहीत आहे तेच तिने स्वतःच्या हातांनी करावे लागेल. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१९ साली पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत या वयाच्या मुलांची लेखी वा तोंडी परीक्षा घेऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. तत्त्वे तिच्या बाजूने आहेत. पण ती वर्गात तिच्या शेजारी येऊन उभी राहत नाहीत. चार वर्षे शिकवून आपण तिची सदसद्विवेकबुद्धी जागी केली आणि मग तिला अशा जागी नेऊन बसविले, की जेथे तिने ती रोज निजवावी. हा तिच्यावर अन्याय नव्हे काय?

म्हणूनच, नुसत्या पदवीने वर्ग सुधारतो असे अभ्यासकांनाही आढळलेले नाही. २००७ साली अमेरिकेतील पूर्वप्राथमिक वर्गांच्या सात मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा शिक्षकाची पदवी आणि वर्गाचा दर्जा किंवा मुलांची प्रगती यांच्यात ठाम संबंध दिसला नाही. कुणी यावरून ‘पाहा, पदवी व्यर्थ आहे’ असे म्हणेल. आम्हांला त्याचा अर्थ वेगळा वाटतो. पदवी हे बियाणे आहे. ते कोणत्या जमिनीत पडते यावर पीक अवलंबून राहते. वर्गात मुले किती, मुख्याध्यापक काय मागतात, पालक कशाला प्रगती म्हणतात आणि शिक्षिका संध्याकाळी घरी जाताना उद्याच्या भाकरीची चिंता करीत जाते की उद्याच्या वर्गाची, या साऱ्यांवर.

आता त्या व्यवहारी हिशेबाकडे येऊ. आपल्या देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. तेथे काम करणाऱ्या स्त्रीला जे मिळते त्याला ‘वेतन’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. शब्द मोठा सुंदर आहे; त्यात मान आहे आणि धनही आहे. प्रत्यक्षात २०१८ च्या ऑक्टोबरपासून केंद्र शासनाने सेविकेचे मानधन दरमहा ३००० रुपयांवरून ४५०० रुपये केले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. वेतन म्हटले, की नोकरी आली, हक्क आले, निवृत्तीनंतरची तरतूद आली. मानधन म्हटले, की ती स्वेच्छेने केलेली सेवा ठरते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला गुजरातमधील सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणात सांगावे लागले, की १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ यांनाही आहे. आयुष्यभर मुले सांभाळलेल्या स्त्रीला एवढ्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, यात आपण कामाला दिलेल्या गोड नावांचा वाटा मोठा आहे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि आपल्या समाजात ते विशेष आदराने दिले जाते : बालशिक्षण हा धंदा नव्हे, ते व्रत आहे. ताराबाईंनी पैसा पाहिला काय? अनुताईंनी पाहिला काय? आपल्या धर्मभगिनी पाहतात काय? व्रताविषयी आमच्या मनात आदर आहे. पण व्रत ही घेणाऱ्याने घ्यावयाची गोष्ट आहे, घ्यावयास लावणाऱ्याने लावावयाची नव्हे. जो स्वतः उपवास करतो तो व्रतस्थ. जो दुसऱ्याच्या ताटातले काढून घेतो आणि त्याला उपवास म्हणतो, त्याला आपण दुसरे नाव देतो. धर्मभगिनीच्या मागे तिचा संघ उभा असतो. तिचे आजारपण आणि म्हातारपण तो सांभाळतो. बालवाडीतील शिक्षिकेच्या मागे भाड्याचे घर, सासूचे औषध आणि मुलाची फी उभी असते. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात सांगितले, की कामगाराने कमी वेतनाला रुकार दिला म्हणून ते वेतन न्याय्य ठरत नाही. गिरणीकामगारासाठी जे आपण मान्य केले, ते बालवाडीच्या शिक्षिकेसाठी नाकारायला आपल्याजवळ कोणते कारण आहे?

पदवी आणि वेतन यांची सांगड घातली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘ॲबट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात राज्यातील अतिशय गरीब शाळा-विभागांतील तीन व चार वर्षांच्या मुलांना उत्तम शिक्षण द्यावे असा आदेश दिला, आणि २००० साली सांगितले, की तेथील शिक्षकांनी सप्टेंबर २००४ पर्यंत पदवी घेतली पाहिजे. नुसता आदेश दिला असता, तर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कष्टकरी स्त्रिया बाहेर फेकल्या गेल्या असत्या. पण राज्याने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला, काम करता करता शिकण्याची सोय केली आणि पदवी घेतलेल्यांचे वेतन सरकारी शाळांतील शिक्षकांच्या बरोबरीला आणले. त्यामुळे बहुतेक शिक्षिका मुदतीत पदवीधर झाल्या. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. तिला पैसा लागतो आणि त्याआधी इच्छा लागते.

आपल्याकडील धोरणानेही जुन्या सेविकांचा विचार केला आहे. बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, अशी योजना आहे. तीही बरीचशी दूरशिक्षणाने. सोय म्हणून हे चांगलेच. परंतु मुलाकडे पाहायचे कसे, हे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून किती शिकता येईल याची आम्हांला शंका वाटते. ते कुणाच्या तरी शेजारी बसून शिकावे लागते. आणि येथेच वीस वर्षे अंगणवाडी चालविलेल्या, फारसे न शिकलेल्या बाईचे मोल कळते. पदवीधर मुलीने तिच्या शेजारी बसावे. मूल रडायचे थांबते कसे, हे तिच्याकडून शिकावे. तिने पदवीधर मुलीकडून मूल का रडते याची नोंद ठेवावयास शिकावे. एकीची पदवी दुसरीला खाली ढकलण्याचे साधन झाली, तर जी पदवी शेवटच्या मुलाला न्याय देण्यासाठी म्हणून आपण मागितली तीच पहिला अन्याय करील.

तेव्हा ‘मायेला पदवी कशाला’ या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : आपल्या मुलावर माया करायला पदवी लागत नाही. दुसऱ्याच्या पंचवीस मुलांवर सारखी माया करायला, त्यांतल्या नकोशा मुलावर सर्वांत आधी करायला, शिक्षण लागते. पण ही मागणी एकतर्फी करता येत नाही. जो समाज शिक्षिकेकडे पदवी मागतो त्याने तिला तीन गोष्टी देण्याचे कबूल केले पाहिजे. पहिली, जगण्यापुरते वेतन, मानधन नव्हे. दुसरी, मोजकी मुले; २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाबरोबरच्या मानकांत तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी असे म्हटले आहे, चाळीसांमागे नव्हे. आणि तिसरी, तिच्या ज्ञानाला मान. ती ‘अजून लिहायची वेळ झाली नाही’ म्हणाली, तर शाळा सोडून शेजारच्या शाळेत मूल न घालण्याएवढा विश्वास.

यांतली पहिली दोन शासनाने आणि संस्थाचालकांनी द्यावयाची आहेत, आणि ज्या संस्था आपल्याच समाजाच्या आहेत तेथे ती मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. तिसरी मात्र प्रत्येक आईबापाच्या हातची आहे. तिला एक पैसाही पडत नाही. यंदा जूनमध्ये मूल बालवाडीत घालाल, तेव्हा घरी येताच त्याची वही उघडून पाहू नका. त्याच्या हाताला माती लागली आहे काय ते पाहा, आणि आज कुणाबरोबर खेळलास ते त्याला त्याच्याच बोलीत विचारा. आणि घरातली एखादी मुलगी हे शिकायचे आहे म्हणाली, तर ‘एवढं कशाला शिकायचं’ असे विचारण्याऐवजी ‘काय शिकवतात तिथे’ असे तिला विचारून पाहा. ती सांगू लागली, की आपल्या लहानपणी वर्गाच्या शेवटच्या रांगेत कोण बसत असे आणि बाईंनी त्याच्याकडे किती वेळा पाहिले होते, ते बहुधा आपल्यालाही आठवेल.